सगळ्यांचे निरोप पोचवले

मैत्रिणींनो, मंडळाच्या फळ्यावर आज पाककृती लावायची माझी पाळी होती. पण हे लिहितेय.

आज धाकट्या भावाला, दत्तूला, तुरुंगात भेटून आले. बांधावरच्या मारामारीत त्याला शिक्षा झाली, हे तुम्हाला ठाऊकच आहे.

निघताना आमच्या अर्ध्या उरवडे गावाने निरोप दिले. "म्हस व्याली, रेडी झाली म्हनावं." "डोस्क्याला त्याल लावतोय का, इचार." शेजारच्या काकूंनी तर बजावलंच, "आमचं घरातलं भांडान मिटलं म्हनून सांग, न्हाईतर तितं बसून काळजी करंल."

जाळीपलीकडे दत्तू येऊन उभा राहिला आणि मी सुरू झाले. एकही निरोप विसरले नाही. तो हसून मान हलवत राहिला. शेवटी म्हणाला, "आक्का, मला जरा बोलायचं हाय..."

तेवढ्यात वेळ संपली. शिपाई त्याला आत घेऊन गेला. आता भेट पुढच्या महिन्यात.

एस.टी.तून उतरले तर बायका वाटच बघत होत्या. "माजा निरोप दिलास नव्हं?" दिला म्हटलं.

घरी आईने विचारलं, "आन् माजा दत्तू काय म्हनला गं?"

त्याचा निरोप तेवढा मी आणला नव्हता.

आपलं माणूस एवढ्या दिवसांनी समोर आलं, तर तुम्ही आधी बोलता की ऐकता?