कमठाण्याला नेलेला तडा

साताऱ्याहून पहाटे निघालो तेव्हा प्रवासाचा उत्साह असा काही नव्हता. बसमध्ये माणसं दोनच, ड्रायव्हर महादेवमामा आणि मी. मागे मी स्वतः केलेली मांडणी होती: कपाटं, नमुने ठेवायचा फ्रीज, बेसिन आणि खिडकीच्या कडेनं गेलेला नऊ फुटांचा पांढरा ओटा. त्या ओट्याला बेसिनच्या कोपऱ्यापासून हातभर तडा गेला होता.

जुन्या बसचं आतलं काम करून देणं हा माझा व्यवसाय. ही बस एका डॉक्टरबाईंची, डोंगरातल्या गावांत रक्ततपासणीसाठी फिरणारी. ओट्यासाठी मी सॉलिड सरफेस वापरलं होतं. खनिजाची पूड आणि ॲक्रिलिक मिसळून ओतलेलं हे शीट लाकडासारखं कापता येतं. दोन तुकडे त्याच रंगाच्या गोंदानं जोडून घासले की सांधा दिसत नाही. रक्ताचा थेंब शिरायला फट उरत नाही, म्हणूनच डॉक्टरबाईंनी ते मागितलं होतं. आणि तीन आठवड्यांत तडा. बस उभी राहिली.

शीट मी बीदरजवळच्या कमठाण्याहून मागवलं होतं, मिलिंदअण्णा नावाच्या कारागिराकडून, फोनवरूनच. तडा दिसला त्याच दिवशी मी त्यांना फोन करून नको नको ते बोलले. तेवढ्यावर थांबले नाही. बसचं काम करणाऱ्या आम्हा लोकांचा मोबाइलवर एक गट आहे, कर्नाटकातले, इकडचे, सगळे त्यात आहेत. त्यावर तड्याचा फोटो टाकून लिहिलं, ‘कमठाण्याचं शीट भेसळीचं आहे. कुणी घेऊ नका.’

आता तुटलेला भाग बदलायचा तर त्याच घाण्यातलं, म्हणजे एकाच वेळी ओतलेलं शीट हवं. नाहीतर पांढऱ्याशी पांढरं जुळत नाही. त्या घाण्यातलं उरलेलं एकच शीट होतं, आणि तेही त्यांच्याकडे. महिनाभर टाळून शेवटी मी फोन केला, पाठवून देता का म्हणून. पलीकडून एवढंच आलं, “बस घिऊन या.”

सोलापूर मागे पडलं, उमरगा मागे पडलं आणि थोड्या वेळानं पाट्यांवरची अक्षरं गोल, कानडी झाली. माणसं मात्र मराठीच बोलत होती. हमरस्त्यावरच्या टपरीत चहा घेताना मी वाट विचारली.

“कमठाण्याला जायलाव व्हय?” टपरीवाला म्हणाला. “हुमनाबादून डावीकडं घ्या. काळी माती सरून लाल माती लागली की समजा आलाव.”

तसंच झालं. हुमनाबादेपर्यंत दोन्ही बाजूंना काळी रानं, सोयाबीन निघून गेलेली, तूर पिवळ्या फुलांवर आलेली. पुढे चढ लागला आणि माती विटेसारखी लाल झाली. मला ते बघण्यात गोडी नव्हती. मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत होते.

मिलिंदअण्णांचा कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची लांब शेड. दारातल्या लिंबाच्या पानांवरसुद्धा पांढरी धूळ बसलेली. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तेवढीच काय ती पुसून लख्ख. अण्णा पन्नाशीचे, सडपातळ, हैदराबादेत दवाखान्यांचे ओटे बसवून हा धंदा शिकलेले. त्यांनी मला ‘या’ म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही. सरळ बसमध्ये चढले, तड्यावरून अंगठा फिरवला, मग बॅटरी घेऊन ओट्याखाली उताणे झोपले. मी उभीच.

“स्क्रू किती मारलाव?” खालून आवाज आला.

“बावीस.”

“कामून?”

“बस हलते. घट्ट राहावा म्हणून.”

“हं.”

बाहेर येऊन त्यांनी शेडच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे प्लास्टिकात गुंडाळलेली शीटं भिंतीला टेकून उभी होती. “हे कलबुर्गीहून वापस आल्यात. तिथं रेवणप्पा म्हणून हायेत, बसची बॉडी बांधतेत. चार ॲम्ब्युलन्सचं काम देले होते मला. तुमचा फोटो बगून न्हाई म्हणले.”

मी काहीतरी मऊ बोलायला हवं होतं. पण तोंडातून निघालं ते असं, “शीट चांगलं असतं तर तडा गेला असता का?”

अण्णांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. “सकाळी कलबुर्गीला जाऊ, तुमच्याच बसमंदी. वाटंत बगू कुणामुळं गेला ते.”

संध्याकाळी त्यांनी ज्वारीच्या पिठाची खळ शिजवली, वर्तमानपत्राच्या बारा पट्ट्या कापल्या आणि बसमध्ये चिकटवल्या. एक टोक कपाटाला, दुसरं बसच्या भिंतीला. काही भिंतीपासून छतापर्यंत तिरक्या. सगळ्या ताणून. “हे टिकले तर माजं शीट खराब. मीच सगळ्यांला सांगतो.”

“आणि फाटले तर?”

“मंग तुमी सांगा.”

जेवायला त्यांच्या बायकोनं, शोभाक्कांनी, भाकरी, पुंडी पल्ल्या (अंबाडीची भाजी) आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. मी भाकरीचे नुसते तुकडे करत बसले होते. शोभाक्का म्हणाल्या, “खावा अक्का. भाकरीवर कामून राग?” मग भांडी गोळा करता करता, कुणाला उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाल्या, “म्हयना झाला, हे हुमनाबादला दुसऱ्याकडं कामाला जायलेत. सोताची मशीन झाकून.”

सकाळी मामांना अण्णांनी वाट सांगितली. हुमनाबादहून सरळ कलबुर्गीचा रस्ता न धरता मुडबीच्या बाजूला, शेतातल्या गाडीवाटेनं. मी मागे स्टुलावर बसले, एक हात ओट्यावर. अण्णा समोर बसून खिडकीबाहेर बघत होते. पट्ट्यांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

डांबरी सडकेवर काहीच झालं नाही. मला बरं वाटू लागलं, आणि बरं वाटतंय याची थोडी लाजही. मग मामांनी बस गाडीवाटेला घातली. पुढचं डावं चाक खड्ड्यात उतरलं, मागचं उजवं चढावर राहिलं, आणि टर्र करून पहिली पट्टी फाटली. बस सरळ झाली. पुढच्या चाकोरीत आणखी दोन गेल्या. एक तिरकी पट्टी आधी सैल पडली, झोळीसारखी लोंबली, मग ताणत ताणत गेली आणि मधोमध तुटली. माझ्या डोळ्यांदेखत भिंत पुढे जात होती आणि कपाट मागे राहत होतं. हाताखालचा तडा मिटत होता, उघडत होता.

बांधावर एका म्हातारीनं हात केला. मामांनी बस थांबवली.

“दवाखान्याची गाडी व्हय? माजे गुडघे बगा की.”

“रक्त तपासायची हाय आज्जी,” अण्णा म्हणाले. “पर आजून दुरुस्त व्हायची हाय.”

“कवा व्हईल?”

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी मामांना बस पुढे घ्यायला सांगितलं.

मुडबीत चिंचेखाली बस थांबली तेव्हा बारातल्या दोन पट्ट्या शाबूत होत्या. मामा चहा आणायला गेले. बसचा सांगाडा वळतो हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मी घरातले ओटे करत इथवर आलेली बाई, आणि घराच्या भिंती वळत नाहीत. मी ते शीट बावीस स्क्रूंनी भिंतीला आणि जमिनीला एकदम जखडलं होतं. दोघी दोन दिशांना ओढत होत्या. त्यात बेसिनसाठी कापलेला कोपरा काटकोनात, चाकूनं कापल्यासारखा.

अण्णांनी खिशातली पेन्सिल काढली आणि त्या कोपऱ्यावर एक गोलाई काढली. “गोल ठेवलं की जोर पसरतो. काटकोन ठेवलाव, सगळा जोर तिथंच बसला. शीटाची चूक न्हाई.”

“नाही,” मी म्हणाले. “माझी आहे.”

त्यांनी मान हलवली, विजय मिळाल्यासारखी नव्हे, थकल्यासारखी. “कलबुर्गीला जायचं का न्हाई, तुमी सांगा. मी जबरदस्ती करणार न्हाई.”

खरं सांगते, परत फिरावंसं वाटलं. गटावर माझं नाव आहे, त्या नावावर कामं येतात. मुडबीत जे झालं ते मुडबीत राहिलं असतं. चहाचा कप माझ्या हातात गार झाला. मामा स्टार्टरवर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

“जाऊ,” मी म्हणाले.

कलबुर्गीला रेवणप्पांच्या शेडमध्ये वेल्डिंगचा उजेड आणि कानठळ्या बसवणारा आवाज. त्यांनी मशीन बंद करायला लावली आणि त्या अचानक शांततेत मला बोलावं लागलं. शीट चांगलं होतं, बसवणारी मी चुकले, आणि चौकशी न करता लिहिलं. कामगारही ऐकत होते. मी फोन काढला, तिथेच गटावर तेच लिहिलं, फाटलेल्या पट्ट्यांचा फोटो टाकला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

रेवणप्पा जाड शरीराचे, मवाळ गृहस्थ. त्यांनी माझा फोन घेऊन फोटो पाहिला. मग दखनी उर्दूत म्हणाले, “काम तो हैदराबादवाले कू दे दिया, अक्का. अब वापस कैसा लेना?” (काम तर हैदराबादच्या माणसाला देऊन टाकलं, आता परत कसं घ्यायचं?) अण्णांना म्हणाले, “मिलिंदा, आगे देखेंगे.”

“व्हय,” अण्णा म्हणाले.

एवढंच. मला वाटलं होतं, मी खरं बोलले की त्यांचं काम परत मिळेल. तसं होत नाही, हे त्या शेडमधून बाहेर पडताना कळलं. परतताना कमलापूरजवळ अण्णांनी तिथली तांबड्या सालीची केळी घेतली. आम्ही तिघांनी ती बसमध्येच खाल्ली.

माझ्याशी ते आता काम करणार नाहीत असंच मी धरून चालले होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ते एकुलतं शीट टेबलावर आडवं केलं आणि राउटर, कडा कापायचं हातमशीन, माझ्या हातात दिला. “कापा.”

“तुम्ही कापा ना अण्णा. चुकलं तर दुसरं नाही.”

“म्हणूनच तुमी. माजं शीट पुन्ना कुठंतरी तुमच्या हातानं मरू नये.”

मी राउटर सुरू केला. पांढरी धूळ तोंडावर उडाली. सरळ कडा नीट गेली. बेसिनच्या जागेचा पहिला गोल कोपरा गेला, दुसरा गेला. तिसऱ्याला पातं अडखळलं, राउटरनं उसळी घेतली आणि कडेचा दाण्याएवढा टवका उडाला. मी मशीन बंद करून डोळे मिटले. अण्णांनी वाकून त्यावर नख फिरवलं, एकदा, पुन्हा एकदा.

“घासून निगंल. थांबू नका. थांबलं की हात भितो.”

चौथा कोपरा गेला. बसच्या दारातून नवा तुकडा आत जाईना, म्हणून मागची काच उतरवून तिथून सरकवला, चौघांनी दोन बाजूंनी धरून. उरलेल्या जुन्या भागाचेही स्क्रू काढले होते, या वेळी एकही स्क्रू नाही. खाली ठिकठिकाणी सिलिकॉनच्या लवचीक गोंदाचे ठिपके, भिंतीकडे बोटाएवढी मोकळी जागा आणि तिच्यावर रबराची पट्टी. सांधा घासून झाल्यावर शोभाक्का बसमध्ये चढल्या आणि जोड कुठे आहे ते शोधू लागल्या. त्यांना तो सापडला नाही.

निघताना मी माफी मागायला सुरुवात केली. अण्णांनी मध्येच थांबवलं. “ती कलबुर्गीत झाली. आता हात धुवा, जेवायचंय.”

परतीच्या वाटेवर गाडी आदळली की मी उठून मागे जात होते. उमरग्याला, सोलापूरला, पुढेही. ओटा तसाच होता. गटावर माझ्या मजकुराखाली मात्र फारसं कुणी काही लिहिलं नव्हतं. पहिल्या फोटोखाली माणसांची रीघ लागली होती. वाईट पसरवायला मला एक मिनिट लागलं होतं. ते मागे घ्यायला दोन जिल्हे फिरले, आणि तरी सगळं मागे आलं नाही.

साताऱ्यात डॉक्टरबाईंनी ओट्यावरून हात फिरवला, खूश झाल्या. म्हणाल्या, “त्या माणसानं चांगलं शीट दिलं म्हणायचं या वेळी.”

“शीट तेव्हाही चांगलंच होतं, डॉक्टर,” मी म्हणाले. “काम वाईट होतं. माझं.”

त्यांच्या दुसऱ्या बसचं काम मला मिळायचं होतं, ते बोलणं त्यांनी काढलं नाही. मीही काढलं नाही. सोमवारी गाडी डोंगरात जाणार होती. मी विचारलं, “पहिल्या फेरीला मी मागे बसून आले तर चालेल? ओट्यापाशी?”

डॉक्टरबाईंनी वाकून ओट्याखाली पाहिलं. मग म्हणाल्या, “सकाळी सहाला आम्ही निघतो. उशीर करू नका.”