पंचमीला आलेल्या लेकी

मी सहावीत असताना आमच्या घराची मागची भिंत पावसात बसली. घर म्हणजे निपाणीच्या कडेला, दुसऱ्याच्या मळ्यात, मातीच्या तीन भिंती आणि चौथ्या बाजूला पत्रा. वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, आई विड्या वळायची. भिंत बसली तशी आई आधी विडीच्या पानांचं पोतं घेऊन बाहेर पळाली आणि मग माझ्या धाकट्या भावाला आणायला परत आत गेली. आता हे ती हसत सांगते. तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस आम्ही बांधावरच्या बाभळीला प्लास्टिक बांधून काढले. प्लास्टिकला भोक पाडलं की वाऱ्यानं ते तिथूनच फाटत जातं. म्हणून आई कोपऱ्यात लिंबाएवढा खडा ठेवायची, त्याच्यावर प्लास्टिक मुरगाळायची आणि खड्याच्या मानेला दोरी आवळायची. वारा कितीही येऊ दे, ती गाठ सुटायची नाही.

एक दिवस मदतीची गाडी आली. चादरी होत्या, भांडी होती. आई तासभर रांगेत उभी राहिली. खुर्चीवरच्या माणसानं कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "तुमचं नाव न्हाय."

आमचं रेशन कार्ड गावाकडं, थोरल्या चुलत्याच्या घरात होतं.

"अवो, पर मी हितं हाय न्हवं?" आई म्हणाली.

"दिसताय की. कागदावर न्हाय."

रांगेतली दोघं-तिघं हसली. आई परत आली, मांडीवर सूप घेतलं आणि विड्या वळायला लागली. संध्याकाळ झाली. मग पान कापता कापता मला म्हणाली, "साळा सोडायची न्हाय. त्या खुर्चीवर आपल्यातलं कुणीतरी बसाय पायजे."

मी बसले. घरातली पहिली पदवीधर मी. बेळगावात हॉस्टेलला राहून समाजकार्याची पदवी घेतली, हे सांगताना मी आवाज खाली घेत नाही. निकालाचा कागद आईनं देव्हाऱ्याशेजारी लावला. लावताना विचारलं, "ह्येची सरळ बाजू कंची गं?"

पुढं मी निपाणीत एका संस्थेत लागले आणि दोनच वर्षांत दूधगंगा-वेदगंगेला महापूर आला. नदीकाठची गावं रिकामी झाली, माणसं शाळांत आली. संस्थेकडं सामान येत होतं. एका घराला एक संच: एक ताडपत्री, दोन चादरी, चटई, बादली, दोन पातेली, तांब्या, ताटं. ठेवायला जागा दिली ती एका जैन तंबाखू व्यापाऱ्यानं, स्वतःची वखार. त्यांना सगळे आप्पा म्हणायचे. त्या वखारीतल्या चादरीला तंबाखूचा असा वास बसला होता की घडी उघडणारा प्रत्येक माणूस आधी शिंकायचा आणि मग आभार मानायचा.

याद्यांचं काम माझ्याकडं होतं. रेशन कार्ड कन्नडमध्ये, संस्थेचे तक्ते मराठीत. मला दोन्ही लिप्या येतात. मी प्रत्येक कार्ड हातात घेऊन नाव लिहिलं, दोनदा तपासलं. एक नाव दोन ठिकाणी येऊ दिलं नाही. नियमही मीच घातला होता: एक कार्ड, एक संच. याद्यांत माणसं घुसवणारे मी बघितले होते. माझ्या यादीत कुणी घुसणार नव्हतं.

त्या दिवशी सकाळी आम्ही टेम्पो भरून नदीकाठच्या एका गावाच्या शाळेत निघालो. टेम्पो चालवणारे अण्णा पन्नाशीचे, तोंडाला विश्रांती नाही.

"मॅडम, सगळं गाव तुमच्या कागदात बसलंय. माझं नाव कुठं हाय?"

"तुम्ही पूरग्रस्त न्हाय, अण्णा."

"माझ्या बायकोला इचारा की. घरात रोज पूर असतोय."

शाळेच्या व्हरांड्यात टेबल टाकलं. मी खुर्चीवर बसले, नाव पुकारायचं, कार्ड बघायचं, अंगठा किंवा सही घ्यायची. काम घड्याळासारखं चाललं. मध्येच एक म्हातारी संच घेऊन दोन पावलं गेली आणि परत फिरली.

"बाई, आणि एक चादर गावंल का?"

"मावशी, कार्डावर पाच माणसं आहेत. घरात किती आहेत?"

तिनं माझ्याकडं बघितलं, मग खाली बघितलं. "पाचच की."

"मग?"

"न्हाय, आपलं इचारलं."

ती गेली. मी पुढचं नाव पुकारलं. शेवटचा संच शेवटच्या नावाला गेला, ना एक जास्त, ना एक कमी. मी यादीखाली रेघ मारली. खरं सांगते, मला लई बरं वाटलं. आईला फोन करून सांगावं असं वाटलं.

बोटांना शाई लागली होती म्हणून हात धुवायला शाळेमागं गेले. तिथं पोरांचा दुपारचा भात शिजवायची खोली आहे, बाहेर नळ. खोलीचे दोन पत्रे वाऱ्यानं उडाले होते. नळ सोडला आणि आतून बारीक आवाज आला. मांजराचं पिल्लू असावं असं वाटून मी डोकावले.

जमिनीवर घोट्याएवढं पाणी, वरून पावसाचं पाणी अजून ठिबकत होतं. चुलीच्या कट्ट्यावर एक तरणी बाई गुडघे मुडपून बसलेली. डोक्यावर खताचं रिकामं पोतं. पाठ वाकवून ती कशावर तरी छप्पर झाली होती. तिच्या पुढ्यात सूप होतं, विडीचं सूप, माझ्या आईच्या मांडीवर असायचं तसलंच. त्या सुपात एक मूल होतं. मूठभर. ओठ जांभळट, रडायला पुरेसा दमही नव्हता त्याला. आणि पाण्यात उभी राहून, मी सकाळी दिलेली चादर पिळत होती ती म्हातारी.

"आत येऊ नगा बाई," म्हातारी म्हणाली. "बाळंतीण हाय. आज नववा दिस."

माझ्या तोंडातून निघालं, "ह्यांचं नाव..."

आणि मी थांबले. पुढचा शब्द माझ्या जिभेवर होता. मला विचारायचं होतं, नाव कार्डावर आहे का? नऊ दिवसांचं मूल भिजत होतं आणि मी कार्ड विचारणार होते. नळ मागं तसाच वाहत होता. तो बंद करावा एवढंही सुचेना. 

म्हातारीच बोलली. "माझी लेक. पैल्या बाळंतपणाला आलीया. सासर कागलाकडं, नदीपल्याड."

कागल महाराष्ट्रात, हे गाव कर्नाटकात. मधे तीन कोस अंतर आणि आता पाणी.

"सासरचं घर पण पडलं," ती तरणी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, जरा हसूच होतं. "तिकडं सासऱ्यांनी माझं नाव सांगितलं, तर तिथलं यादीवालं म्हणाले, सून हितं दिसत न्हाय. हितं मी दिसतीया, तर नाव न्हाय. बाई, तुमीच सांगा, मी ऱ्हातीया कुठं?"

"वर्गात का नाही नेलं?"

"समद्यांनी आपापलं देव आणून ठेवल्यात आत," म्हातारी म्हणाली. "बारा दिस व्हायचं हायत अजून. कुणी बोललं न्हाय, पर आमालाच कळाय नगं?"

या विटाळावर मला बोलता आलं असतं. कॉलेजात बोललेही होते, बक्षीस घेतलं होतं. पण पश्चिमेकडून पुन्हा काळं भरून येत होतं आणि छपराला भगदाड होतं. मी व्हरांड्याकडं पळाले. टेम्पो रिकामा. सगळ्या ताडपत्र्या नावानिशी वाटलेल्या, आणि म्हातारीला मिळालेली पातळ ताडपत्री त्या भगदाडाला पुरणारी नव्हती.

"अण्णा, एक ताडपत्री पाहिजे. आत्ता."

"माझ्या गाडीची हाय की. का?"

मी सांगितलं. अण्णांनी एकदाही थट्टा केली नाही. टेम्पोवरची जाड ताडपत्री ओढून काढली, खांद्यावर टाकली, मागं आले. तिच्या कडांच्या कड्या कधीच तुटल्या होत्या. ते भोक पाडायला सळई शोधायला लागले.

"भोक नको," मी म्हटलं आणि आवारातले खडे वेचले. लिंबाएवढे. चार कोपऱ्यांत चार, कडेला सहा. मुरगाळले, मानेला दोरी आवळली. अण्णा भिंतीवर चढले, दोन बाप्ये आले, दोऱ्या खिडकीच्या गजांना ताणल्या. बांधून झालं आणि सर आली. ताडपत्री ढोलासारखी वाजली, पण आत एक थेंब पडला नाही. माझी ओढणी कोरडी होती, अण्णांच्या सीटवर त्यांचं जाड पांघरूण होतं. बाळ त्यात गुंडाळून आईच्या पोटाशी घातलं. बऱ्याच वेळानं ते शिंकलं. मग असं ताणून रडलं की अण्णा म्हणाले, "आता झालं बेस. आवाज थेट माझ्या बायकोचा."

म्हातारी खड्याच्या गाठीकडं बघत होती. सकाळपासून ती मला बाई म्हणत होती. आता म्हणाली, "ही गाठ कुणी शिकीवली गं तुला?"

"आईनं. आमचं घर पडलं तेव्हा. बाभळीखाली."

तिनं गाठीवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आमची एकटीच न्हाय. पंचमीला आलेल्या लेकी हायत की. पोरंबाळं घिऊन. हिला धरून चवदा जणी."

"मग मावशी, मी विचारलं तेव्हा पाचच का सांगितलं?"

"काय सांगू? माहेराला आलेल्या लेकीला भांडं-चादर मागत रांगंला उभी करू? तिच्या सासरला कळलं तर त्वांड कसं दावायचं? आमचं हाय त्यातलंच तिला."

म्हणून शाळेत पाचजणांच्या दोन चादरींत आठ-नऊ माणसं झोपत होती आणि माझा कागद अगदी बरोबर होता.

दुपारीच आम्ही निपाणीला परतलो. वखारीच्या दारात आप्पा बसले होते.

"आणि चौदा संच पाहिजेत," मी म्हटलं.

"यादी?"

"यादी चुकली, आप्पा. माहेरी आलेल्या लेकी राहिल्या."

त्यांनी चष्मा वर केला. "पंचमीत लेकी माहेरी असत्यात, हे तुला ठावं न्हवतं व्हय? एवढी शिकलीस ती?"

ते लागलं. आमच्या भागात नागपंचमीला झाडाझाडाला झोका असतो आणि घराघरात लेक असते. बाहेरगावच्या माणसाला हे ठाऊक नसतं तर चाललं असतं. मी इथलीच. माझ्या नावापुढं पदवी होती आणि मला पंचमी आठवली नव्हती.

संस्थेतून फोनवर साहेबांनी विचारलं, कार्ड नंबरच्या रकान्यात काय लिहिणार? मी म्हटलं, "माहेरवाशीण." ते म्हणाले, असं चालत नाही. मी म्हटलं, "मग माझी सही चालत नाही असं समजा. पण सामान निघालंय." अण्णांनी तोवर गाडी चालूच केली होती.

यावेळी मी टेबल मांडलं नाही. वर्गावर्गातून फिरले आणि प्रत्येक घराच्या बाईला एवढंच विचारलं, "पंचमीला लेक आलीया का?" असं विचारल्यावर कुणाची मान खाली गेली नाही. उलट बायका सांगायला लागल्या, लेक कुठं दिली, नातवंडं किती. संच मी लेकींच्या हातात दिले नाहीत, त्यांच्या आयांच्या हातात दिले. आयांनी ते आपल्या लेकींना दिले. काहींनी तर नव्या तांब्याला आधी कुंकू लावलं.

परत आल्यावर आईला सगळं सांगितलं, माझी चूकसुद्धा. विड्या वळायचे तिचे हात थांबले.

"त्या खुर्चीवरच्या माणसागत तू बी म्हणालीस? नाव न्हाय म्हणून?"

"म्हणायला गेले होते."

तिनं हातातली विडी सुपात ठेवली. मग विचारलं, "पोर कोरडं ऱ्हायलं न्हवं?"

राहिलं. बाराव्या दिवशी त्याचं बारसं त्याच खोलीत, त्याच ताडपत्रीखाली झालं. त्या शाळेत चौदा माहेरवाशिणी होत्या. चौदाही जणींना सामान मिळालं, आणि त्यानंतरच्या प्रत्येक शाळेत मी कार्डाच्या आधी माणसं मोजली.