आत्याचं दळण आणि पाचवी म्हण

आमच्या घरात कुत्र्याला ‘हाड’ म्हणायची बंदी होती. पडवीत कुत्रं आलं तर काठी उगारायची, हात हलवायचा, डोळे वटारायचे, पण तोंडातून शब्द काढायचा नाही. आलेल्या पाहुण्यांना याचं नवल वाटे. कोणी म्हणे, यांच्याकडे कुत्र्याचीही भीडभाड ठेवतात. कारण कोणी सांगत नसे. मला मात्र ते न सांगताच कळलेलं होतं. लहान मुलांना अशा गोष्टी आपसूक कळतात.

कारण होतं माझी आत्या. वडिलांची धाकटी बहीण. तिचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हा तिला देवी आल्या. जीव वाचला, डोळे गेले. सासरच्यांनी माहेरी आणून सोडली ती कायमची. न्यायला पुन्हा कोणी आलं नाही. मी कळती झाले तेव्हा ती तिशीची असेल. तोंडावर वण होते, पण हात फार देखणे. घरात ती एकच काम मागून घेई, दळण. दुपारचं जेवण झालं, बाकीच्या बायका वाडीत केळींकडे नाहीतर पानवेलीकडे गेल्या, की ही पडवीतल्या जात्यावर बसायची. एका हातात खुंटा, दुसऱ्या हाताने जात्याच्या तोंडात मूठमूठ तांदूळ. “अख्ख्या घराची भाकर माझ्या हातची,” असं ती आल्यागेल्याला सांगायची. सांगताना मान जराशी उंच व्हायची.

आणि ते खरं नव्हतं. आमच्या नंदाखाल गावातल्या घराच्या त्या पडवीला भिंत एकाच बाजूला, तीन बाजू उघड्या. वाडीची राखण करणारं एक तांबूस कुत्रं होतं. रात्रभर कोल्हे आणि केळीचोर यांच्यावर भुंकायचं, दुपारी आमच्याकडे यायचं. जातं घरघरायला लागलं की आत्याला दुसरं काही ऐकू येत नसे. कुत्रं नेमकं तिच्या समोरच्या बाजूने येऊन जात्याभोवती पडलेलं पीठ चाटायचं. कोणी घरात असलं तर काठी दाखवून हाकलायचं. कोणी नसलं की त्याचंच राज्य. चाटलेलं पीठ आई हळूच बाजूला काढून म्हशीच्या आंबोणात घालायची. लढाई संपून दोन-तीन वर्षं झाली होती तरी धान्य अजून रेशनवर मोजकंच मिळायचं. ते असं जाताना आईच्या जिवावर येई, पण ती बोलत नसे. उलट सकाळी विहिरीवर जाताना ओच्यात तांदूळ बांधून न्यायची, शेजारणीच्या जात्यावर दळायची आणि ते पीठ आत्याच्या डब्यात मिसळायची.

तुम्ही म्हणाल, जातं आत का नाही हलवलं? आत हलवलं असतं तर का हलवलं ते सांगावं लागलं असतं ना!

मी तेव्हा चौथीत. आमच्या गुरुजींना म्हणींचा भारी नाद. एकदा त्यांनी सांगितलं, “उद्या पाटीवर पाच म्हणी लिहून आणा, प्रत्येकीत कुत्रा पाहिजे. खाली अर्थ पाहिजे.” मी खूश. कारण माझी काकी! तिचं माहेर भुईगावचं, आणि येताना ती म्हणींची पेटीच घेऊन आली होती असं माझे वडील म्हणत. कुत्र्याच्या म्हणी तर तिच्या जिभेवर.

काका दिवसभर ना वाडीत ना घरात, नाक्यावर गप्पा मारत बसायचा. आला की काकी म्हणायची, “आलं बाई धोब्याचं कुत्रं, ना घरचं ना घाटाचं.” म्हणजे ना इकडच्या ना तिकडच्या उपयोगाचं माणूस. मी वेणी नीट घालून घेत नसे, तर, “हिचं म्हणजे कुत्र्याचं शेपूट, नळीत घाला नाहीतर खुंटीला बांधा, वाकडं ते वाकडं.” म्हणजे मूळचा स्वभाव बदलत नाही. आळीतला एक म्हातारा कुंपणावरून रोज आरडाओरडा करी. त्याला आई घाबरली की काकी म्हणे, “जाऊबाई, भुंकणारं कुत्रं चावत नाही हो.” आणि कोणी आमच्या घराबद्दल काही बोललं तर ठसक्यात, “हत्ती चालतो, कुत्री भुंकतात!” याचा अर्थ, मोठ्यांनी हलक्यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नये. आमच्या घरात हत्तीसारखं काय होतं कोण जाणे. एक म्हैस होती.

(आमची घरची बोली वेगळी बरं का, पण ती तशी लिहिली तर तुम्हाला वाचायला जड जाईल, म्हणून सगळ्यांना कळेल असं लिहिते आहे.)

तर चार झाल्या. पाचवीसाठी मी काकीच्या मागे लागले.

“अजून एक सांग ना काकी.”

“संपल्या.”

“तुझ्या कधी संपतात का?”

“संपल्या म्हटलं ना! माझ्या काय कुत्र्याशीच सोयरिकी आहेत?”

मी विचार केला, हिलाच येत नाही तर शाळेत कोणाला येणार. पण शेजारच्या मुलीला येत होती. तिने ती मला अर्थासकट दिली, आणि बदल्यात माझ्याकडून हत्तीची घेतली. मी ती पाटीवर लिहिली. लिहिताना माझ्या मनात काही आलं नाही, हे मी शपथेवर सांगते. म्हण म्हणजे शाळेतली गोष्ट, जातं म्हणजे घरातली. दोन्ही एकमेकींना कधी भेटतील असं नऊ वर्षांच्या डोक्यात आलं नाही.

दुपारी मी पडवीच्या पायरीवर बसून पाठ करू लागले. तेव्हा अभ्यास मोठ्यानेच करायचा असे. काकी एका बाजूला खायच्या पानांच्या जुड्या बांधत होती. आत्या जात्यावर. एकेक म्हण मी ओरडून म्हणे आणि काकी हसे. “धोब्याच्या कुत्र्याचा अर्थ तुझ्या काकाला विचारून लिही गं!” आत्याही हसली.

मग मी पाचवी म्हटली.

“आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं.”

काकीच्या हातातली जुडी सुटली. जातं थांबलं. इतकी वर्षं ऐकलेली ती घरघर बंद झाली तेव्हा आमच्या हसण्याच्या नादात नकळत समोर आलेलं कुत्रं पीठ चाटत असल्याचा चपचप आवाज पडवीभर ऐकू आला. मग तेही पळालं.

आत्या म्हणाली, “पुन्हा म्हण.”

मी म्हटली. हळू.

“अर्थ काय लिहिलायस?”

“एकाने कष्ट करावे आणि… आणि त्याचं लक्ष नाही म्हणून दुसऱ्यानेच फुकट खावं.”

तिने हात पुढे केला. जात्याभोवती पिठाचं कडं असतं, त्यावरून ती बोटं फिरवत गेली. समोरच्या बाजूला बोटं जमिनीला लागली. जमीन ओली होती. तिने बोटं नाकाशी नेली.

“रोज येतं?”

“छे हो वन्सं,” काकी घाईघाईने म्हणाली, “आजच कसं मेलं…”

“तुला नाही विचारलं. पोरी, तू सांग.”

खोटं बोलू नये हेही शाळेतच शिकवलेलं. मी म्हटलं, “रोज येतं आत्या. आई काठी दाखवते त्याला.”

ती उठली. भिंतीला हात लावत आत गेली. सुपातले तांदूळ तसेच राहिले.

संध्याकाळी आई वाडीतून आली, काकीने तिला सगळं सांगितलं. आईने मला मारलं नाही. पाटी मागितली आणि पदराने सगळी पुसून टाकली, पाचही. दुसऱ्या दिवशी शाळेत मी कोरी पाटी दाखवली आणि हातावर दोन छड्या खाल्ल्या. का कोरी, ते गुरुजींना सांगितलं नाही.

त्यानंतर आत्या जात्याकडे फिरकली नाही. मागच्या दारी मांडीवर हात ठेवून बसून राही. जेवायला वाढलं की पानातला अर्धा भात बाजूला सारायची. आई म्हणे, “वन्सं, जेवा ना नीट.” ती म्हणे, “बसून असणाऱ्याला एवढं पुरतं.” आमच्या घरात तिला कोणी कधी टाकून बोललं नव्हतं. पण तिने स्वतःच आपली भाकर आपल्या दळणावर तोलून ठेवली होती, आणि तो काटा मी मोडला होता. हे शब्द आत्ताचे आहेत. तेव्हा मला एवढंच वाटत होतं, आत्या अशीच कमी कमी जेवत जाणार आणि एक दिवस जेवायचीच नाही.

आणि आईने काय केलं? आईने शेजारी दळायला जाणं बंद केलं. डबा दुसऱ्याच दिवशी रिकामा झाला. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री पुन्हा पेज.

वडिलांनी विचारलं, “भाकर नाही?”

“पीठ नाही.”

“मग दळा कोणीतरी.”

“दळणाऱ्या आहेत घरात,” आई म्हणाली. आत्याला ऐकू जाईल अशा बेताने.

वडील पेज प्यायले. तिसऱ्या दिवशी काकी वैतागली. “जाऊबाई, तुमच्या दोघींच्या हट्टापायी आमच्या पोटांचे हाल कुत्रं खाईना!” बोलून गेली आणि तोंडावर हात ठेवला. कुणी हसलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी आई वाडीत गेली नाही. ती मागच्या दारी आत्याची वेणी घालायला बसली. मी दाराआड उभी होते, मला सगळं ऐकू येत होतं.

आत्या म्हणाली, “वहिनी, शेजारी जाऊन दळत होतात ना?”

आईने हातातला पेड सोडून पुन्हा घेतला.

“तुमच्या हाताला घट्टे आहेत. वेणी घालताना मानेला लागायचे. मी म्हणायचे, विहिरीच्या दोराचे असतील.” मग म्हणाली, “किती वर्षं?”

“मोजली नाहीत.”

“मला सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर त्या दिवशीच उठला असतात जात्यावरून.”

“उठले असते.”

“मग?”

“मग चार दिवस रुसले असते, रडले असते, आणि पुन्हा येऊन बसले असते. कुत्र्याची काहीतरी युक्ती काढली असती. ते तुम्ही मला करू दिलं नाहीत वहिनी. सगळ्यांनी मिळून मला… मी ज्याला त्याला सांगत होते, अख्ख्या घराची भाकर माझ्या हातची. तुम्ही तिथेच उभ्या असायचात.”

आई रडत होती. मला तिची पाठ दिसत होती तेवढी. तिने वेणी पुरी केली, गाठ मारली, आणि म्हणाली, “वन्सं, आज चौथा दिवस आहे.”

वाडीत कुणाचा तरी रहाट कुरकुरत होता. मग आत्या उठली, भिंत धरून पडवीत आली, जात्याशी बसली. आई सूप घेऊन आली.

“ठेवा ते. आणि समोर बसा,” आत्या म्हणाली. “एकच खुंटा दोघी धरू. मला ऐकू येत नाही तिकडचं तुम्ही बघा, तुम्हाला जमत नाही ते मी बघते. तुमचं पीठ जाड असतं.”

“जाड असतं?”

“डब्यात हात घातला की कळायचं. म्हणायचे, आज माझाच हात चुकला.”

आई समोर बसली, उघड्या बाजूला पाठ करून, कुत्र्याची वाट अडवून. दोघींनी खुंटा धरला. आत्याची ओढ झटपट, आईची लांब. जातं अडखळत फिरू लागलं. मधेच आत्या ओरडे, “ओढू नका वहिनी, सोडा!” आई म्हणे, “सोडलाय हो!” त्या दिवशी पीठ रव्यासारखं आलं आणि भाकरी कडेला चिरल्या. वडिलांनी पहिला तुकडा मोडला, चावला, आणि म्हणाले, “जाड झालीय.”

“उद्या बारीक येईल,” आत्या म्हणाली, आणि स्वतःच्या ताटात अख्खी भाकर घेतली.