नाव, वॉर्ड, खाट

ऑपरेटरबाईंनी एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळाचा टेलिफोन बोर्ड सांभाळला. जिन्याखालची खोली, पाठीशी कुरकुरणारा पंखा आणि पुढ्यात तीनशे लाइनी. फोन वाजला की खणखणीत आवाज यायचा, "नमस्कार! नाव, वॉर्ड, खाट?" समोरच्यानं सगळं सांगितलं, की बाई थांबायच्या आणि म्हणायच्या, "नक्की?" या "नक्की?"ला भलेभले डॉक्टर टरकून असत. एकदा खुद्द अधीक्षकांचा फोन आला. "मी बोलतोय." बाई म्हणाल्या, "इथं सगळेच बोलतात. मी म्हणजे कोण?"

त्याला कारण होतं. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एकाच आडनावाचे दोन रुग्ण होते आणि माणूस गेल्याची बातमी बाईंनी भलत्याच घरी जोडून दिली. त्या घरातला हंबरडा त्यांच्या कानातून कधी गेला नाही. तेव्हापासून खातरजमा म्हणजे खातरजमा. आरशात स्वतःचं तोंड दिसलं तरी बाई आधी ओळख विचारतील, असं वॉर्डबॉय म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर बाई धाकट्या भावाकडे राहायला आल्या. दोघंही एकेकटी, दोन चुली कशाला पेटवायच्या? भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून सगळे त्याला पेंटर म्हणत. रस्त्यावरच्या दहा दुकानांपैकी आठ त्याच्या अक्षरांत बोलायची. प्रत्येक पाटीच्या खालच्या कोपऱ्यात मुंगीएवढी त्याची सही असायची. गिऱ्हाईक म्हणे, "पेंटर, ती दिसत नाही हो." पेंटर म्हणे, "तुम्हाला दिसायला नाहीच ती. मला झोप लागायला आहे."

आणि एके दिवशी कुणीतरी पेंटरचा फोटो उचलून त्याच्या नावानं खोटं खातं उघडलं, आणि ओळखीच्या बायकांना घाणेरडे निरोप पाठवले. शिंपीणबाईंना, औषधवाल्याच्या बायकोला, कुणाला सोडलं नाही. शिंपीणबाईंनी फोन नाकासमोर धरून बाईंना ते दाखवलं. बाई तशाच घरी आल्या. चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"खरं सांग. हे तू पाठवलंस?"

"ताई!"

"नाही ना? नक्की?"

पेंटरनं हातातला ब्रश धुतला, पुसला, डब्यात उभा केला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळा रस्ता बघत असताना, त्यानं शिडी लावली आणि औषधाच्या दुकानाच्या पाटीवरची आपली सही खरवडून काढली. मग शिंप्याच्या. संध्याकाळपर्यंत आठही कोपरे कोरे झाले.

त्यानंतर तोंडाला कुलूप.

"चहा ठेवू?"

"हं."

"भाजी अळणी झालीय का?"

"हं."

"अरे, माणूस आहेस की भुंगा?"

"हं."

ऑनलाइन फसवणूक झालेल्यांना मदत करणाऱ्या एका संस्थेचा नंबर बाईंना फोनच्या बिलाच्या मागं छापलेला सापडला. त्यांनी फोन लावला. पलीकडं एक मुलगी होती. तिनं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे तुमच्या भावानं केलेलं नाही. हा अन्याय त्यांच्यावर झालाय." मग कुठले निरोप जपून ठेवायचे, तक्रार कुठं नोंदवायची, सगळं एकेक करून सांगितलं. चार दिवसांत खोटं खातं बंद झालं.

पण पाट्यांचे कोपरे कोरेच राहिले.

बाई विचार करत बसल्या. भावाला न बघितलेल्या पोरीनं त्याच्यावर पहिल्या वाक्यात विश्वास ठेवला, आणि आपण त्याला कडेवर घेऊन वाढवला, तरी विचारतो "नक्की?" हे न विचारणं शिकून घ्यायचं असेल तर त्या पोरीकडूनच. संस्थेला स्वयंसेवक हवेच होते. बाईंनी चष्मा पुसला, पर्स उचलली आणि जाऊन अर्ज भरला.

संस्थेचं ऑफिस एका छापखान्याच्या वर होतं. खालून यंत्राचा धडधडाट आणि वर सहा खुर्च्या. शिकवणारा तिशीतला, दाढीवाला. बाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा 'मास्तर' करून टाकला. नियम त्यानं फळ्यावर लिहिले होते. फोन करणाऱ्याचं नाव आपण विचारायचं नाही. होल्डवर ठेवायचं नाही. आणि बोलणं पुरं होईपर्यंत खातरजमा करायची नाही, कारण शरमलेला माणूस एका प्रश्नात फोन ठेवतो. परीक्षा म्हणजे सरावाचे तीन फोन. एकात जरी उत्तीर्ण झालात तरी चालेल. तिन्हीत चुकलं तर पुढच्या वर्षी या.

पहिल्या फोनला मास्तर चौदा वर्षांची मुलगी झाला. आवाज असा, की बेडकाला सर्दी झालीय. "हॅलो ताई, मला ना, एक जण धमक्या देतोय..."

"नमस्कार!" बाई कडाडल्या. "नाव, वॉर्ड, खाट?"

उरलेले पाच जण खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. मास्तर बेडकाच्याच आवाजात म्हणाला, "मी फोन ठेवला."

दुसऱ्या फोनला तो म्हातारा झाला. बाईंनी नाव गिळलं, वॉर्ड गिळला, खाट तर चावून गिळली. पाच मिनिटं सगळं सुरळीत. मग म्हाताऱ्यानं काहीतरी अवघड विचारलं आणि बाईंच्या तोंडून गोड आवाजात निघालं, "होल्ड करा हं, जोडून देते."

"कुणाला?" मास्तर म्हणाला. "बाई, इथं पुढं कुणी नाही. तुम्हीच आहात."

घरी येताना बाईंचे कान लाल होते. पण हार मानतील तर त्या बाई कसल्या! दुपारी त्यांनी सरावाचा कागद पेंटरपुढं ठेवला. "तू आतल्या खोलीत जा नि मला फोन कर. कागदावरचं वाचायचं. मी उत्तरं देते."

"हं."

फोन वाजला. "माझं. खातं. कुणीतरी. वापरत. आहे."

"अरे, मतदारयादी वाचतोयस का? जरा जीव घाल!"

आत कागद खाली ठेवल्याचा आवाज आला. मग पेंटर म्हणाला, "माझ्या नावानं कुणीतरी घाण लिहिली."

हे कागदावर नव्हतं. बाईंच्या जिभेच्या टोकावर "नक्की" येऊन उभं राहिलं. बोर्डावर असताना त्या वायर बोटाला गुंडाळायच्या. आता वायर नव्हती, तरी बोट हवेत गरागरा फिरायला लागलं. त्यांनी ओठ मिटले, उघडले.

"ऐकतेय मी. सांगा तुम्ही."

"बायका रस्ता बदलायला लागल्या. चाळीस वर्षं ज्यांच्या दुकानात चहा प्यायलो, ते शटरमागं गेले. ते सगळं चाललं असतं." मग तो म्हणाला, "पण माझ्या बहिणीनं विचारलं, तू पाठवलंस का. दोनदा विचारलं."

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. बाईंनी होल्ड म्हटलं नाही. पुढं जोडून द्यायला कुणी नव्हतंच.

"तिनं एकदाही विचारायला नको होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ते केलेलं नाही. तिला ते तेव्हाच कळायला हवं होतं."

"हे कागदावर आहे का?"

"नाही."

"मग परीक्षेत मार्क कापतील, ताई." आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा आतून हसू ऐकू आलं, नाकातून निसटलेलं. "आता होल्ड कर. चहा मी ठेवतो."

तिसऱ्या फोनला मास्तर रडणारी गृहिणी झाला. बेडूकच, फक्त पदर घेतलेला. कुणी हसलं नाही, कारण बाई ऐकत होत्या. अठरा मिनिटं. एकही "नक्की?" नाही. शेवटी मास्तरच खऱ्या आवाजात म्हणाला, "बाई, सोमवारपासून या."

सोमवारी निघताना पेंटरनं त्यांच्या हातात वहीएवढी पाटी ठेवली. "टेबलावर लाव. तुझा भरवसा नाही." निळ्यावर पांढऱ्या डौलदार अक्षरांत लिहिलं होतं: खाट विचारू नये.

बाईंनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पाटी नाकाशी धरून खालचा कोपरा शोधला. मुंगी होती. जागेवर होती. विचारायची गरज नव्हती.