सतरंजीचे दुसरे टोक

प्रिय ईरा आणि निहार,

गेल्या रविवारी फोनवर निहारने विचारले, "आजी, तू आमच्याकडे राहायला येणार का? हो की नाही, एवढंच सांग." मी विषय बदलला, हे तुमच्या लक्षात आले असेल. उत्तर टाळायचे म्हणून नव्हे. त्याआधी तुम्हाला आमच्या वकिलणीची गोष्ट सांगायला हवी, कारण उत्तर तिच्यापाशी अडकले आहे.

वकीलीण चष्मा लावून एक बोलायची आणि चष्मा काढून नेमके त्याच्या उलट. दोन्ही वेळा मला पटायचे.

छत्रीबागेतल्या आपल्या घरी वरच्या खोलीत ती भाड्याने राहायची. चाळिशी ओलांडलेली, एकटी. आई गावी, देपालपूरला. विम्याच्या कचेरीत दिवसभराची नोकरी, आणि त्याआधी सकाळी कायद्याचे कॉलेज. तिने कॉलेजात नाव घातले तेव्हाच मी तिला वकीलीण म्हणू लागले. "काकू, आधी बनू तर द्या," असे ती म्हणे, पण खूश व्हायची. कचेरीत मात्र साहेब रोज विचारायचे, "मैडम, हाईकोर्ट कब जा रहे हो?" ती हसून टाइप करत राही. वर्गातली मुले तिला दीदी म्हणत. तास सुटल्यावर ती मुले चहाच्या ठेल्यावर जमून वादाचा सराव करीत, तेव्हा ही स्कूटर काढून कचेरीच्या वाटेला लागलेली असे.

शेवटच्या वर्षी लुटुपुटीचा खटला चालवून दाखवावा लागतो आणि त्याला गुण असतात. तिच्याबरोबर सराव करायला कुणी नव्हते. एका रविवारी दुपारी ती खाली आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "काकू, तुम्ही जज बना ना. काही करायचं नाही, बस, ऐकायचं."

आजोबा गेल्यापासून माझ्याकडे ऐकण्यासारखे फारसे काही नव्हतेच. मी खुर्चीवर बसले. तिने समोर सतरंजी अंथरली. खिडकीकडचे टोक तिच्या पक्षकाराचे, स्वयंपाकघराकडचे विरुद्ध पक्षाचे. आपल्या बाजूला चष्मा, दुसऱ्या बाजूला चष्म्याशिवाय. चष्मा नसला की हातातले कागद वाचता येत नसत, म्हणून विरुद्ध बाजू ती पाठ करून यायची. साहजिकच तीच बाजू अधिक रंगायची. इंग्रजी निकालपत्रे वाचताना ती अडखळे, तेवढे मी सोपे करून सांगत असे.

एकदा म्हशीच्या मालकीचा खटला ऐन रंगात असताना कुकरच्या शिट्ट्या वाढल्या. मी उठू लागले. "माय लॉर्ड, जज बीच में उठत नाही," ती गंभीरपणे म्हणाली. खिचडी करपली. आम्ही दोघींनी तीच खाल्ली आणि म्हैस कुणाची यावर जेवतानाही भांडलो. मी घाई करून पहिल्याच बाजूला कौल दिला, तर ती रागवायची. "अभी कहाँ, काकू. दुसऱ्याचं ऐकलंच नाही, तर तो निकाल नाही, नुसतं तुमचं मत झालं."

त्याच वर्षी तुमच्या बाबाने हे घर विकून मी तिकडे यावे, असे सुचवले. मी तिला सांगितले. पुढच्या रविवारी तिने सतरंजी टाकली आणि म्हणाली, "आज तुमचीच केस घेऊ."

ती आधी स्वयंपाकघराकडे उभी राहिली. चष्मा काढला आणि बाबाची बाजू मांडली. माझे गुडघे, जिना, आजारपणात कोण धावून येणार, सगळे मांडले. शेवटी म्हणाली, "माय लॉर्ड, ही नातवंडं पुन्हा एवढी लहान मिळणार नाहीत."

मग ती खिडकीकडे गेली. चष्मा लावला, काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला.

"माय लॉर्ड, ज्यात आपला स्वतःचा फायदा आहे, ती केस वकिलाने घेऊ नये. मी ही बाजू नाही मांडू शकत."

आणि ती तिथेच सतरंजीवर बसली. मी म्हटले, निकाल राखून ठेवते. मग जज उठली आणि चहा टाकला.

त्या खटल्यांना तिला चांगले गुण पडले. पदवी झाली, वकिलीची सनद आली. नोकरी सोडून ती देपालपूरला आईजवळ गेली. आता तिथल्याच कोर्टात उभी राहते. निघताना पाया पडली, तेव्हा मी म्हटले, "आता तुझा काही फायदा उरला नाही. आता मांड ना ती बाजू."

ती खाली बघत म्हणाली, "मीच चालले ना, काकू. तुम्ही थांबा, हे कोणत्या तोंडाने बोलू?"

सुरुवातीला दर रविवारी तिचा फोन यायचा. आता अशील वाढले आहेत, सणावाराला येतो. वरची खोली मी पुन्हा भाड्याने दिलेली नाही.

तेव्हा निहार, तुझ्या प्रश्नाचा निकाल अजून राखून ठेवलेला आहे, कारण त्यात एकाच बाजूचे ऐकून झाले आहे. सतरंजी मी उचललेली नाही.

तुमची
आजी