दवाखान्याच्या रस्त्याचं वळण

ब्रेकताईंचं खरं नाव त्यांच्या शिकाऊ मंडळींपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. गाडी शिकवायला शेजारच्या सीटवर बसल्या की घसा ताणून त्या एकच शब्द ओरडत, आणि त्यावरूनच हे नाव पडलं. समोरचा माणूस वकील असो की दोन नातवंडांची आजी, ताईंच्या गाडीत सगळे सारखे. "आरसा बघा. इंडिकेटर कुणी द्यायचा, मी? ब्रेक! अहो ब्रेक!" आणि मग स्वतःच्या पायाखालचा जादा ब्रेक दाबून गाडी थांबवायची. एवढा आरडाओरडा करूनही त्यांच्याकडे शिकायला रांग लागायची, कारण त्यांच्या हाताखालून गेलेला माणूस सहसा कुणाला ठोकत नसे.

त्या वर्षी त्यांच्याकडे एक शिंपी शिकत होता. पन्नाशीचा, घाबरट, आणि बोलका. हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले आणि तोंड मात्र सैल सुटलेलं. स्टेशनकडून दवाखान्याकडे जाणारा रस्ता त्याने कसाबसा पार केला. जुन्या गिरणीच्या भिंतीपाशी हा रस्ता कोपरासारखा वळतो, तिथे त्याने श्वासच रोखून धरला होता. पुढे परतायची वेळ आली तेव्हा ताईंनी नेहमीप्रमाणे कालव्याकडे बोट दाखवलं.

"आल्या वाटेनं का नाही जायचं?"

"एकेरी आहे तो. पाटी दिसत नाही?"

"दिसते की. पण कुणी केला एकेरी? उगाच कालव्याला वळसा."

ताईंनी कालव्याकडे बघितलं. इतकी वर्षं त्या या कालव्याच्या कडेनं दिवसातून सात-आठदा वळसा घालत होत्या. रस्ता अरुंद, पायी चालणारी माणसं कडेच्या गवतातून जीव मुठीत धरून चाललेली. आणि हे कुणी ठरवलं, हा प्रश्न आपल्याला कधी पडलाच नाही? शिंप्याला त्या एवढंच म्हणाल्या, "दुसरा गिअर टाका." पण डोक्यात भुंगा शिरला तो शिरलाच.

सुट्टीच्या दिवशी त्या नगरपालिकेत गेल्या. वाहतुकीच्या खिडकीतल्या माणसानं सांगितलं, आम्ही फक्त पाट्या रंगवतो, बांधकामाला विचारा. बांधकामात एक इंजिनिअर मुलगी नकाशावर वाकून बसली होती. तिची पेन्सिल केसांत खोचलेली होती आणि ती तीच पेन्सिल टेबलभर शोधत होती.

"केसांत आहे," ताई म्हणाल्या.

मुलगी हसली आणि तिने खुर्ची पुढे केली. प्रश्न ऐकून तिने नकाशा ताईंच्या बाजूला फिरवला. "मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधीपासून एकेरी आहे तो. का केला, मलाही माहीत नाही. पण तुम्ही आत्ताच कशा आलात? यंदा तोच विषय आहे सभेपुढे."

मग तिने समजावून सांगितलं. गिरणीची भिंत मागे घेऊन वळण रुंद करायचं आणि रस्ता दुहेरी करायचा, असा एक प्रस्ताव. कालव्याच्या कडेनं कठडा आणि पायवाट बांधायची, असा दुसरा. यंदाच्या अंदाजपत्रकात दोन्हींपैकी एकच बसतं.

"आणि ठरवणार कोण? तुम्ही?"

"छे हो. मी फक्त काय केलं तर काय होईल ते सांगते. ठरवते सभा. बसा की एकदा वरच्या सज्जात, कुणालाही येता येतं."

कुणालाही येता येतं हे ताईंना पहिल्यांदाच कळत होतं. पुढच्या सभेला त्या सज्जात जाऊन बसल्या. सज्जात त्या आणि एक डुलकी काढणारे आजोबा, एवढेच. खाली घोड्याच्या नालेसारखी टेबलं मांडलेली, प्रत्येकापुढे माईक, आणि माईक चालू आहे की नाही हे बघायला जो तो आधी त्यावर टिचकी मारणार. अध्यक्षबाई विषय वाचत, कुणी "मंजूर" म्हणे, आणि विषय पुढे सरके. ताईंना वाटलं होतं, भांडणं बघायला मिळतील. मिळालीही. कालव्याच्या वॉर्डाचे नगरसेवक आणि स्टेशनच्या वॉर्डाच्या नगरसेविका एकमेकांवर असे काही तुटून पडले की ताई पुढे वाकून कठड्याला टेकल्या. आणि चहाच्या सुट्टीत जिना उतरून बघतात तो काय, तेच दोघे खिडकीपाशी एका बशीतली बिस्किटं खात, "तुझी वाचनालयाची दुरुस्ती मी उचलून धरतो, तू माझ्या पायवाटेला हात वर कर," असं शांतपणे ठरवत होते.

ताईंना राग यायला हवा होता. पण त्यांना गंमतच वाटली. घरात नवरा-बायकोचं तरी याहून वेगळं काय चालतं, असं त्यांच्या मनात आलं.

सज्जाच्या दारावरचा शिपाई त्यांना आता ओळखू लागला होता. एकदा त्यांनी त्यालाही तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "त्या वेळच्या सभेतल्या आता एकच बाई उरल्यात. औषधांच्या दुकानावर राहतात. ऐकू कमी येतं, पण आठवण पक्की."

ताई तिथे पोचल्या. म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं, प्रश्न दोनदा मोठ्यानं वदवून घेतला, ताई राहतात कुठे, कुणाच्या सून, हेही विचारून घेतलं, आणि मग कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"तू तिची सून? आणि मला विचारायला आलीस? अगं, काखेत कळसा आणि गावाला वळसा! घरी जा आणि सासूला विचार."

घरी सासूबाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मटार सोलत होत्या. ताई समोर बसल्या, चार शेंगा हातात घेतल्या आणि म्हणाल्या, "आई, दवाखान्याचा रस्ता एकेरी तुम्ही केलात?"

सासूबाईंचा अंगठा शेंगेवर थांबला. "कुणी सांगितलं?"

"मला कधी बोलला नाहीत तुम्ही."

"तू विचारलंस कधी?"

ताईंनी हातातली शेंग सोलून दाणे ताटलीत टाकले. मग सासूबाई आपणहून बोलायला लागल्या. लग्नाआधी त्या दवाखान्यात आया होत्या, हे ताईंना माहीत होतं. पुढचं माहीत नव्हतं. एका दुपारी अडलेल्या एका बाईला आणायला त्या ॲम्ब्युलन्ससोबत गेल्या होत्या. येताना गिरणीच्या वळणावर दोन लॉऱ्या समोरासमोर अडकलेल्या. मागे कुणी घ्यायची यावरून दोन्ही ड्रायव्हर हमरीतुमरीवर आलेले. "मी खाली उतरून हात जोडले. एकाला तर शिव्या दिल्या. दवाखान्याचं फाटक तिथून दिसत होतं, बघ. नुसतं दिसत होतं." बाळ गाडीतच झालं आणि ते वाचलं. आई वाचली नाही.

"मग आम्ही सगळ्या आया जाऊन नगरपालिकेच्या पायऱ्यांवर बसलो. कामावरून काढू म्हणाले, म्हटलं काढा. ती औषधांच्या दुकानावरची आहे ना, ती तेव्हा नवीनच निवडून आलेली. तिनं आत जाऊन विषय लावून धरला." सासूबाईंनी ताटली पुढे सरकवली. "बोलण्यासारखं काय त्यात? घे, धू हे."

ताईंना उत्तर मिळालं होतं, पण आता पंचाईत झाली होती. दोन्ही प्रस्तावांवरची जनसुनावणी तोंडावर आलेली, आणि ताईंनी दुहेरी रस्त्याच्या बाजूनं बोलायचं ठरवलं होतं. वळण रुंद झालं तर लॉऱ्या अडकणारच नाहीत, मग एकेरी कशाला? त्यांनी हे सासूबाईंना समजावून सांगायचा प्रयत्न केला.

"रुंद रस्त्यावर गाड्या जास्त येतात," सासूबाई म्हणाल्या. "तू बोल तुझं. मी पण येणार आणि माझं बोलणार."

"अहो, तुम्ही सांगा ना आईंना," ताई नवऱ्याला म्हणाल्या. नवरा इलेक्ट्रिशियन होता आणि दोन्हीकडून करंट असलेल्या तारेला हात लावायचा नाही हे तो पुरतं जाणून होता. कुणाकडेही न बघता तो पिशवी घेऊन बाजारात गेला.

सुनावणीला दोघी एकाच रिक्षातून गेल्या आणि सभागृहात एकमेकींच्या शेजारीच बसल्या. ताई आधी बोलल्या. वर्गात बोलावं तसं ठणठणीत: वळणाचा कोन, वळशात वाया जाणारा वेळ, आणि वळसा संपला की कालव्याकडेनं कमी होणाऱ्या गाड्या, म्हणजे जीव मुठीत धरून चालणाऱ्या माणसांची सुटका. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सासूबाई उठल्या. माईक त्यांच्या उंचीला येईना, तर कालव्याचे नगरसेवक स्वतः उठून तो वाकवून देऊन गेले. "माझ्या सुनेनं छान सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण मला ते पटत नाही." हशा पिकला. पुढे त्या जे बोलल्या त्यावर मात्र कुणी हसलं नाही.

सभेनं लगेच काही ठरवलं नाही. इंजिनिअर मुलीनं सुचवलं, आधी करून बघू: पंधरवडाभर, लॉऱ्या बंद ठेवून, वळणावर दोन्हीकडे पोलीस उभे करून रस्ता दुहेरी चालवू. ते मंजूर झालं. ताईंना वाटलं, मैदान मारलं.

वळणावर खरंच काही अडलं नाही. अडलं ते दवाखान्याच्या फाटकापाशी, आणि ते कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. उलट्या बाजूनं येणाऱ्या गाड्या फाटकात शिरायला उजवीकडे वळण्यासाठी थांबत, आणि त्यांच्यामागे रांग तुंबत जाई. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्या रांगेत शिंपी होता. पुढची गाडी सरकली, शिंप्याने क्लच सोडला, गाडीला हिसका बसला आणि ती बंद पडली. त्याच क्षणी मागून ॲम्ब्युलन्सचा भोंगा आला.

"चालू करा," ताई म्हणाल्या.

शिंप्यानं किल्ली फिरवली. गाडी गिअरमध्येच होती. पुन्हा हिसका, पुन्हा बंद. आरशात ॲम्ब्युलन्सचा दिवा फिरत होता. आणि समोर, पाच-सहा गाड्यांपलीकडे, दवाखान्याचं फाटक दिसत होतं.

ताई ओरडल्या नाहीत. त्या उतरल्या, शिंप्याच्या बाजूनं जाऊन त्यांनी त्याला खांद्याला धरून बाहेर काढलं, गाडी न्यूट्रलला टाकली आणि दाराच्या चौकटीला खांदा लावून ढकलू लागल्या. शिंपीही मागून ढकलू लागला. समोरच्या दुकानातली दोन माणसं धावली. गाडी फुटपाथवर चढली, पुढच्याही इकडेतिकडे सरकल्या, ॲम्ब्युलन्स निघून गेली. आतल्या माणसाचा नुसता पाय मोडला होता हे त्यांना नंतर फाटकावरच्या रखवालदाराकडून कळलं. पण ते कळेपर्यंत त्या फुटपाथवर बसून होत्या, आणि शिंपी बिचारा त्यांना पाणी आणून देत होता.

घरी गेल्यावर त्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं. "मीच अडवली होती, आई."

सासूबाईंनी "बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणायला हरकत नव्हती. त्या म्हणाल्या, "माणूस बरा आहे ना? मग हातपाय धू आणि जेव." आणि मग जेवताना, "पण तुझंही खरंच आहे. कालव्याकडेनं लोक चालतात त्यांचं काय?"

शेवटच्या सभेत ताईंनी फाटकापाशी काय झालं ते जसंच्या तसं सांगितलं, स्वतःचा अंदाज चुकला तोही. इंजिनिअर मुलीनं नवा नकाशा मांडला: भिंत मागे घ्यायची, वळण रुंद करायचं, पण रस्ता एकेरीच ठेवायचा, वाढलेल्या जागेत पायवाट आणि फक्त ॲम्ब्युलन्ससाठी परतीची पट्टी. तासभर खडाजंगी झाली. कालव्याची पायवाट पुढच्या वर्षावर गेली, म्हणून तिथले नगरसेवक तरातरा बाहेर निघून गेले, आणि चष्मा टेबलावर राहिला म्हणून तसेच परत आले. मतदान झालं. दोन मतांनी ठराव पास झाला.

सज्जातून ताई त्या नगरसेवकांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आपलं काम झालं याचा आनंद होता, पण तो निर्भेळ नव्हता. रोज वळसा घालताना दिसणारी ती माणसं आणखी एक वर्ष गवतातूनच चालणार होती. खाली उतरल्यावर त्यांनी नगरसेवकांना गाठलं आणि विचारलं, पुढच्या वर्षीचा विषय कधी लागतो, आणि त्याआधी काय काय करावं लागतं. ते आधी फुरंगटलेलेच होते. मग कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून त्यांनी सगळं सांगितलं, आणि ताईंनी मध्येमध्ये इतके प्रश्न विचारले की शेवटी तेच म्हणाले, "बाई, तुम्ही उभ्याच का राहत नाही निवडणुकीला?"

"नको. मला बघायला जास्त आवडतं," ताई म्हणाल्या.

भिंत पाडायचं काम सुरू झालं तेव्हा निम्मी वस्ती बघायला जमली. पहिला तुकडा कोसळला, धूळ खाली बसली, आणि पलीकडे गिरणीचं अंगण दिसलं. जन्मात कुणी न पाहिलेलं. मधोमध एक मोठा हौद, पाण्यानं काठोकाठ भरलेला, आणि त्यावर दोन बदकं निवांत पोहत होती. ती कुठून आली हे कुणालाच सांगता येईना. ताईंच्या सासूबाई गर्दीतून वाट काढत पुढे गेल्या, दोरीपाशी थांबल्या, आणि इंजिनिअर मुलीला विचारू लागल्या की पाऊस नसताना एवढं पाणी येतं कुठून.

"शोधायला हवं, आजी," मुलगी म्हणाली आणि केसांत पेन्सिल चाचपू लागली.