उजवीकडून वारा असेल तर ओरडायचं

माझ्या आवाजावर लहानपणापासून सगळ्यांचा राग. नागपूरला मी अंगणातून आईला हाक मारली की मागच्या गल्लीतल्या काकू "काय झालं गं?" म्हणून घाबऱ्याघुबऱ्या बाहेर यायच्या. लग्न झालं पुण्यात. तिथे बोलायचं म्हणजे समोरच्याला जेमतेम ऐकू जाईल इतपतच. सासूबाई गोड हसून म्हणायच्या, "आपण एकाच खोलीत आहोत, बरं का." मग आम्ही टेक्सासला आलो, शुगर लँडमध्ये घर घेतलं, माझं काम घरून सुरू झालं, आणि मीटिंगमधले लोक विचारायला लागले की तू माइकपासून जरा लांब बसतेस का. मी शेजारच्या खोलीत जाऊन बसले तरी चाललं असतं त्यांना!

अशी मी. चाळिशी उलटल्यावर मला जगात एक जागा अशी सापडली जिथे मोठ्याने ओरडणं हा नुसता हक्क नाही, चक्क नियम आहे. ती जागा म्हणजे क्लबातली शिडाच्या बोटींची शर्यत.

यात मला ओढलं नवऱ्याने. त्याच्या कंपनीने एकदा सगळ्या इंजिनियरांना खाडीवर सहलीला नेलं आणि शिडाच्या बोटीत बसवलं. खडकवासल्याच्या पलीकडे ज्याने पाणी पाहिलं नव्हतं तो माणूस संध्याकाळी लालबुंद होऊन घरी आला आणि म्हणाला, "आपण क्लब जॉइन करू या." मला वाटलं ऊन लागलं. पन्हं करून दिलं. दुसऱ्या दिवशीही तो तेच म्हणत होता, तेव्हा कळलं की प्रकरण पन्ह्याच्या पुढे गेलंय.

तर दर रविवारी तासाभराहून जास्त ड्राइव्ह करून आम्ही खाडीवर जायला लागलो. दोन माणसांची छोटी बोट भाड्याने घेतली. सुकाणू त्याच्याकडे, पुढचं शीड ओढायचं, सोडायचं माझ्याकडे. उकाडा असा की ढोकळ्याच्या कुकरात बसल्यासारखं वाटावं. पण एकदा शर्यतीचा भोंगा वाजला की उकाड्याचं भान कुणाला राहतं!

भोंग्याचंही शास्त्र आहे. कमिटीची म्हणून एक बोट नांगर टाकून उभी असते. तिच्यापासून समोरच्या बोयापर्यंत, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणेपर्यंत, एक रेघ आहे असं मानायचं. पाच मिनिटं आधी भोंगा आणि झेंडा वर, मग आणखी भोंगे, झेंडे, आणि शेवटी झेंडा खाली आला की सुटायचं. बोटीला ब्रेक नसतो, त्यामुळे तोवर सगळे रेघेच्या अलीकडे घिरट्या घालत असतात, लग्नाच्या पंगतीत पान रिकामं व्हायची वाट बघत उभे राहतात ना, तसे. आणि कुणाचं नाक आधी रेघेपलीकडे गेलं तर त्याने परत मागे यायचं. हुज्जत नाही.

मला सगळ्यात काय आवडलं सांगू? पाण्यावर पंच नसतो. बोयाला धक्का लागला तर आपली आपण एक गिरकी घ्यायची. दुसऱ्याच्या वाटेत आलो तर दोन. कुणी पाहिलं असो की नसो. आणि तक्रार करायची तर त्या क्षणी, जागच्या जागी, "प्रोटेस्ट!" असं ओरडून करायची. तेव्हा गप्प बसलात तर नंतर किनाऱ्यावर येऊन कुरकुर चालत नाही. हा नियम आमच्या सासरी असता तर निम्म्या दिवाळ्या सुखाच्या गेल्या असत्या. मी नवऱ्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, "प्रोटेस्ट." मी म्हटलं, उशीर झाला.

आणि सगळ्यांत मोठा नियम वाटेचा. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, नागमोडी जावं लागतं, म्हणून बोटी एकमेकींना सारख्या आडव्या जातात. अशा वेळी ज्या बोटीवर उजवीकडून वारा येतो तिचा हक्क. डावीकडून वारा असलेल्याने बाजूला व्हायचं. हक्क असणाऱ्याने मोठ्यांदा "स्टारबोर्ड!", म्हणजे उजवी बाजू, असं ओरडून सांगायचं, कारण समोरच्याला त्याच्याच शिडाआड काही दिसत नसतं.

आमच्या ह्याला ते जमेना. पहिल्या शर्यतीत हक्क आमचा, समोरून एका दातांच्या डॉक्टरांची बोट अंगावर येतेय, आणि हा म्हणतोय, "एक्सक्यूज मी…" तेही माझ्याकडे बघून! शेवटी आम्हीच वळलो. दुसऱ्यांदा त्याने हाताने "या, या, आधी तुम्ही" अशी खूण केली. आम्ही शेवटून पहिले आलो. गाडीत मी म्हटलं, "हे बघ, तू सुकाणू धर. तोंडाचं खातं माझ्याकडे दे."

पुढच्या रविवारी तेच डॉक्टर आले. मी पोटातून श्वास घेतला आणि अशी आरोळी ठोकली, की त्यांच्या हातातलं सँडविच पाण्यात पडलं. बोट सरकन बाजूला! बाप्पा, काय आनंद झाला म्हणून सांगू! उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मी ओरडले आणि कुणी "हळू" म्हणालं नाही. उलट संध्याकाळी डॉक्टर येऊन म्हणाले, "छान होता आवाज, आधी कुठे लपवला होतात?"

आम्हाला हे सगळं शिकवलं ते एका म्हाताऱ्या गृहस्थांनी. ऐंशीच्या घरातले, उंच, काटक, तोंडाने फटकळ. दोन माणसांची बोट ते एकटे चालवायचे आणि तरी सगळ्यांच्या पुढे असायचे. तोंडावर त्यांना नुसत्या नावाने हाक मारायची, ही इथली रीत, पण माझी जीभ काही वळेना. मी पहिल्या दिवसापासून त्यांना काका म्हणायला लागले. अर्थ सांगितला तेव्हा ते म्हणाले, "ठीक आहे, पण माझ्याकडून वाढदिवसाची भेट मिळणार नाही." क्लबात हळूहळू अर्धे लोक त्यांना काका म्हणू लागले. गाठ कशी बांधायची, पाण्यावरची सुरकुती बघून वारा कसा ओळखायचा, भांडण लागलं तर नियम कोणता, सगळं काकांना विचारायचं. आमच्या चकल्या खायचे आणि म्हणायचे, "ही चांगली जमली. आता सुरुवात पण अशीच जमवा."

या वर्षी उन्हाळा संपता संपता कळलं की काका चाललेत. मुलगी कोलोरॅडोत राहते, ती त्यांना घेऊन जाणार होती. एकटं राहणं आता झेपत नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. बोट विकली होती. हंगामाचा शेवटचा रविवार हा त्यांचाही शेवटचा.

त्या सकाळी शर्यतीआधीच्या मीटिंगमध्ये सगळे गोळा झाले. दोन शर्यती होणार, वारा असा, बोया तिथे, असं सांगून झालं. मग कुणीतरी मायेने म्हणालं, "आज काकांचा दिवस. आज त्यांनाच जिंकू द्या." लोक टाळ्या वाजवायला लागले. काका ताडकन उठले.

"टाळ्या बंद," ते म्हणाले. "आज मला ज्याने जिंकू दिलं त्याचं तोंड मी पुन्हा बघणार नाही. मला इथून शर्यत करणारा माणूस म्हणून जायचंय. म्हातारा म्हणून लाड करून घ्यायला पुढे सगळी वर्षं पडली आहेत." आणि टोपी घालून सरळ धक्क्याकडे गेले.

मला एकदम पटलं. मी नवऱ्याला म्हटलं, "बरोबर बोलले. आज कुणाची गय नाही."

पहिली शर्यत. आमची सुरुवात अशी जमली की आम्हालाच खरं वाटेना. शेवटच्या टप्प्यात बाकीचे मागे राहिले, पुढे फक्त आम्ही आणि काका. वर्षभरात असं कधी झालं नव्हतं, ते कायम इतके पुढे असायचे की समोरासमोर गाठ पडायचीच नाही. आता पडली. वारा आमच्या उजवीकडून, हक्क आमचा. ते डावीकडच्या वाऱ्यावर आडवे येत होते, आणि मोठ्या शिडाआड त्यांना आम्ही दिसत नव्हतो. शिडाखालून नुसता त्यांचा हात दिसत होता. दोरीला धरलेला, शिरा वर आलेला.

"ओरड," नवरा म्हणाला.

मी तोंड उघडलं. आवाज नाही.

"अगं, ओरड ना!"

कसं सांगू? डोक्याला सगळं पटलं होतं, पण जिभेला पटलं नव्हतं. ज्यांना काका म्हटलं त्यांच्यावर खेकसायचं? ऐंशी वर्षांच्या माणसाला म्हणायचं, हो बाजूला? बोट जवळ आली, आणखी जवळ आली, आणि शेवटी नवऱ्याने सुकाणू ओढून आमची बोट त्यांच्या मागून काढली. शीड फडफडलं. तो आवाज ऐकून काकांनी मागे पाहिलं. एका नजरेत त्यांना सगळं समजलं. आम्हाला वळावं लागलं, म्हणजे वाट त्यांनी अडवली.

अंतिम रेघ समोर होती. ती ओलांडली असती तर कुणी ब्र काढला नसता, आम्ही तर नाहीच. पण काकांनी तिथेच सुकाणू फिरवलं आणि गिरकी घेतली. एक. मग दुसरी. एकट्याने, घाईघाईने, या बाजूवरून त्या बाजूला वाकून सरकत. तेवढ्यात आम्ही रेघेपाशी आलो.

"थांबू या का?" नवरा पुटपुटला.

"आता थांबलास तर मी पाण्यात उडी मारीन," मी म्हटलं. तेवढा आवाज मात्र फुटला.

जिंकल्याचा भोंगा वाजला तो आमच्यासाठी. वर्षभर ज्याची वाट बघितली तो भोंगा, आणि मला मेलं धड हसताही येईना.

दोन शर्यतींच्या मध्ये बोटी कमिटीच्या बोटीजवळ थांबतात, लोक पाणी पितात, काहीतरी खातात. काकांनी त्यांची बोट आमच्याजवळ आणली. धाप लागली होती त्यांना. मी चकल्यांचा डबा पुढे केला. त्यांनी डब्याकडे पाहिलंही नाही.

"तुला मी दिसलो होतो?"

"हो."

"मग ओरडली का नाहीस? डॉक्टरवर ओरडतेस. कमिटीवर ओरडतेस. मागच्या महिन्यात तू एका पेलिकनवर ओरडलीस."

"काका, तुम्ही मोठे आहात. आमच्यात मोठ्यांवर…"

"या काकाचा अर्थ माझ्यावर ओरडता येत नाही असा असेल," ते म्हणाले, "तर तो शब्द परत घे. मला नको."

चिडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांचे डोळे भरले होते, आणि ते लपवायला ते उगाच दोरी गुंडाळत बसले. मी माझ्या मते मान दिला होता, आणि त्यांना मात्र मी कोलोरॅडोला जायच्या आधीच म्हातारं करून टाकलं होतं. नवऱ्याने माझ्या पाठीवर हात ठेवला.

भोंगा वाजला. दुसरी शर्यत, त्यांची शेवटची.

या वेळी काकांनी सुरुवात अशी केली की बघत राहावं. पण आमचंही नशीब त्या दिवशी जोरावर होतं. पहिल्याच टप्प्यात आम्ही त्यांना गाठलं आणि पुन्हा तोच प्रसंग. आमच्या उजवीकडून वारा, ते आडवे, तेच शीड, शिडाखाली तोच हात. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी ओरडले. "स्टारबोर्ड" वगैरे काही सुचलं नाही, आईच्या दुधाबरोबर आलेलं तेवढं बाहेर पडलं. "अहो काका! व्हा बाजूला! दिसत नाही काय?" नागपूरपर्यंत गेलं असेल.

शीड हललं. त्यांची बोट झपकन वळली आणि आमच्या मागून इतक्या जवळून गेली की पाण्याचा फवारा आमच्या तोंडावर उडाला. जाता जाता काका पुढे वाकून काहीतरी ओरडले. शब्द वाऱ्यात गेले, पण हसणं दिसलं. तोंडभर.

मग त्यांनी आम्हाला काय छळलं! पुढच्या गाठीला उजवीकडचा वारा त्यांच्याकडे होता. ते असे गरजले की नवऱ्याच्या हातून सुकाणू सुटता सुटता राहिलं, आणि आम्ही मुकाट्याने वाट दिली. शेवटच्या टप्प्यात आम्ही पुढे, मग ते पुढे, मग आम्ही. त्यांनी जीव तोडून बोट हाणली, आम्हीही हाणली. रेघेवर आमचं नाक वीतभर पुढे होतं.

काका हरले. कुणी हरू दिलं नव्हतं, कुणी जिंकू दिलं नव्हतं. धक्क्यावर ते गोड्या पाण्याने बोट धूत होते, ती न्यायला आलेल्या माणसाला शिडाची घडी कशी घालायची ते दटावून सांगत होते, आणि मधेच शीळ घालत होते. नवरा त्यांच्याशी हस्तांदोलन करून आला आणि म्हणाला, "खूश आहेत गं." मी म्हटलं, मला दिसतंय. मी गाडीच्या आडोशाला उभी राहून रडत होते, आणि तेही चांगली मोठ्याने.